वारा मोजून घ्यावा

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जा, पाटण तालुक्यात वनकुसवड्याला जा, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला जा, नाहीतर सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर. पवनचक्क्यांच्या रांगा नजरेत भरतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्या या भागाच्या अंगवळणी पडल्या आहेत. पण त्यांच्या पायथ्याशी गुरे चारणाऱ्याला, रस्त्याकडेला मक्याची कणसे भाजणाऱ्याला किंवा शहरातून फिरायला आलेल्या इंजिनिअरला विचारा, की यातली एक पवनचक्की वर्षाला किती वीज देते? सहसा उत्तर मिळत नाही. मते मात्र ठाम असतात. कोणी म्हणते, ही पाऊस पळवते. कोणी म्हणते, निम्मे वर्ष बंदच असते. कोणाला वाटते, वारा फुकट तर वीजही फुकटच असणार.

हे पुस्तक अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना या मतांच्या मागे जाऊन खरे काय ते पाहायचे आहे. ते विद्यार्थी असतील, शिक्षक असतील, जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा कागद समोर आलेला शेतकरी असेल किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य असेल. मी पवनऊर्जेच्या बाजूचा आहे. कोळशाचा धूर कमी व्हायचा असेल तर आपल्याला ती लागणारच आहे. आणि म्हणूनच तिच्याविषयीचा फुगवलेला आकडा मला तिच्याविषयीच्या अफवेइतकाच घातक वाटतो. फुगवलेला आकडा उघडा पडला, की लोकांचा खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

या विषयातले निम्मे गैरसमज एका नियमाशी परिचय नसल्यामुळे होतात. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. एका माळावर वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर आणि शेजारच्या कड्यावर ७ मीटर असेल, तर फरक एकाच मीटरचा दिसतो. पण कड्यावरच्या त्या वाऱ्यात जवळपास ५९ टक्के जास्त शक्ती असते. याचीच दुसरी बाजू अशी, की वेग मोजताना दहा टक्के चूक झाली तर शक्तीचा अंदाज तेहतीस टक्क्यांनी चुकतो. पात्यांच्या लांबीचा हिशेब वर्गाचा आहे : लांबी दुप्पट केली की पाती चारपट क्षेत्रातला वारा अडवतात. आणि या सगळ्यावर निसर्गाने घातलेली एक मर्यादा आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले, की कितीही उत्तम यंत्र बनवले तरी समोरून येणाऱ्या वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती काढून घेता येत नाही. सगळी शक्ती काढून घेतली तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि नव्या वाऱ्याला पुढे यायला वाटच उरणार नाही.

एवढे हाताशी असले, की बाजारातल्या दाव्यांची परीक्षा घरी बसून घेता येते. गच्चीवर बसवायच्या छोट्या पवनचक्कीची जाहिरात घ्या. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास एक मीटर, आणि दावा असा, की घराचे वीजबिल शून्यावर येईल. शहरात गच्चीवरचा वारा इमारतींच्या आडोशाने मंदावलेला असतो. तो सेकंदाला ३ मीटर धरू. एक मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो. अर्धा गुणिले घनता, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले वेगाचा घन, असा गुणाकार केला की वाऱ्यातली एकूण शक्ती येते सुमारे १२.७ वॅट. बेट्झच्या मर्यादेने त्यातून जास्तीत जास्त साडेसात वॅट निघतील, आणि छोट्या यंत्राकडून प्रत्यक्षात चारएक वॅट. नऊ वॅटचा एलईडी बल्बही त्यावर पूर्ण प्रकाश देणार नाही. पंखा आणि फ्रिज तर दूरच. हा हिशेब आठवीच्या मुलीला जमेल, आणि तो करण्यासाठी कोणत्याही कंपनीवर विश्वास ठेवावा लागत नाही.

दुसरी फसगत उंचीची. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये गावचा वारा ‘ताशी १८ किलोमीटर’ दिसतो. हा आकडा बहुधा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, कारण हवामान खात्यांची वेगमापके जगभर त्याच उंचीवर बसवायची पद्धत आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पण आजच्या पवनचक्कीचा आस १२० मीटर किंवा त्याहून उंच असतो. जमिनीलगत झाडे, घरे, बांध वाऱ्याला अडवतात. वर जावे तसा तो मोकळा होतो. सपाट, उघड्या जमिनीसाठी एक ढोबळ सूत्र वापरतात. त्यानुसार १० मीटरवर ५ असलेला वेग १२० मीटरवर सुमारे ७.१ होतो, म्हणजे शक्ती जवळपास तिप्पट. ओबडधोबड कड्यावर किंवा दरीच्या तोंडाशी हे सूत्र लागू पडत नाही. तिथे मनोरा उभारून वेगवेगळ्या उंचींवर वेगमापके लावून किंवा लेझर किरणांनी वारा मोजणारे लायडार आणूनच खरे काय ते कळते.

तिसरी फसगत काळाची. अरबी समुद्रावरून येणारा नैऋत्य मोसमी वारा जूनमध्ये सह्याद्रीवर आदळतो आणि सप्टेंबरपर्यंत जोर धरून असतो. राज्यातल्या पवनविजेचा मोठा हिस्सा याच चार महिन्यांत तयार होतो. जुलैत पठारावर गेलेला माणूस झपाट्याने फिरणारी पाती पाहून भारावतो, आणि नोव्हेंबरात गेलेला ‘सगळ्या बंदच आहेत’ म्हणत परत येतो. दोघांनी पाहिलेले खरे असते, पण त्यावरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. बहुतेक यंत्रे सेकंदाला तीन-चार मीटर वेगाला वीज देऊ लागतात, अकरा ते तेरा मीटरच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोचतात आणि वेग पंचविसाच्या पुढे गेला की स्वतःला सांभाळण्यासाठी थांबतात. थांबलेल्या पवनचक्कीमागे मंद वारा असेल, दुरुस्ती असेल, वादळ असेल किंवा वीजजाळ्याकडून आलेला आदेश असेल. म्हणून जागेच्या वाऱ्याविषयी बोलायचे तर निदान एक पूर्ण वर्षाचे मोजमाप हवे. अनेक वर्षांचे असेल तर फारच चांगले, कारण सगळे पावसाळे सारख्या वाऱ्याचे नसतात.

चौथी फसगत वर्तमानपत्रात रोज घडते. मेगावॅट म्हणजे क्षमता, आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज. २ मेगावॅटची पवनचक्की वर्षभर क्षणाचीही उसंत न घेता पूर्ण क्षमतेने चालली, तर १ कोटी ७५ लाख २० हजार युनिट देईल. तशी ती कधीच चालत नाही. आपल्याकडे जुनी यंत्रे या आदर्श आकड्याच्या वीस टक्क्यांच्या आसपास देतात. नवी उंच यंत्रे चांगल्या जागी तीस टक्क्यांच्या पुढे जातात. पंचवीस टक्के धरले तर वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट होतात. महिन्याला १५० युनिट वापरणारी साधारण २,४०० घरे यावर चालतील. पण ‘इतक्या हजार घरांना वीज’ असे छापून येते तेव्हा एका घराला किती युनिट धरले, ते बातमीत क्वचित असते. ते बदलले की घरांची संख्या हवी तशी वाढवता येते. देशाचेही असेच आहे. मार्च २०२५ मध्ये भारताची पवनक्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. एकूण स्थापित क्षमतेत हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे, पण प्रत्यक्ष विजेत तो पाच टक्क्यांच्या जवळपास राहतो. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि कोणता आकडा कोण पुढे करतो याकडे लक्ष ठेवावे.

या देशात वाऱ्याचे मोजमाप शिस्तीने कोणी केले, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे, कारण त्या कहाणीचा एक धागा पुण्याचा आहे. अण्णा मणी यांचा जन्म १९१८ साली केरळातल्या पीरमेड येथे झाला. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करून त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे हवामानाची उपकरणे हा विषय शिकून आल्या. १९४८ मध्ये त्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुण्याच्या कचेरीत रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे इथेच बनावीत, त्यांची रेखाचित्रे आणि प्रमाणे ठरावीत आणि देशभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत, या कामाला त्यांनी आयुष्य दिले. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, ही त्यांच्या कामामागची निष्ठा होती. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी वाऱ्याकडे मोर्चा वळवला. १९८३ मध्ये त्यांनी सहलेखकासह भारतातल्या वाऱ्याच्या आकडेवारीचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे देशभर मनोरे उभारून वारा मोजण्याच्या मोहिमेचे नेतृत्व केले. देशातल्या पवन उद्योगाची पायाभरणी या आकड्यांवर झाली आहे.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. १९८६ मध्ये रत्नागिरी, गुजरातेत ओखा आणि तमिळनाडूत तुतिकोरिन अशा किनारी जागांवर ५५ किलोवॅटची यंत्रे प्रायोगिक म्हणून उभी राहिली. आजचे एक यंत्र त्याच्या पन्नासपट मोठे असू शकते. १९९८ मध्ये चेन्नईला स्थापन झालेली संस्था आता राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था म्हणून ओळखली जाते. देशाचा वाऱ्याचा नकाशा ती तयार करते. तिच्या अंदाजानुसार भारताची संभाव्य पवनक्षमता १०० मीटर उंचीवर ३०२ गिगावॅट, १२० मीटरवर ६९५ आणि १५० मीटरवर ११६४ गिगावॅट आहे. देश तोच, वारा तोच; आकडा जवळपास चौपट झाला तो मुख्यतः उंचीमुळे. म्हणून उंची न सांगता ‘भारताची पवनक्षमता इतकी’ असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य अपुरे आहे. सह्याद्रीच्या पठारांवरच्या उत्तम जागा पहिल्या पिढीच्या बुटक्या यंत्रांनी अडवलेल्या आहेत. ती यंत्रे बदलण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये धोरण आणले आणि २०२३ मध्ये सुधारले, त्यामागचे कारणही हेच आहे.

डेन्मार्ककडून शिकण्यासारखी गोष्ट यंत्रांच्या आधी शिक्षणाची आहे. पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत वाऱ्यावर वीज तयार करून दाखवली, आणि पुढे खेड्यातल्या तरुणांना वीजतंत्री म्हणून घडवले. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी आणि सहकारी गटांनी छोट्या पवनचक्क्या घेतल्या. १९७८ मध्ये पवनचक्कीमालकांची संघटना उभी राहिली. या मंडळींनी आपल्या यंत्रांनी किती वीज दिली आणि कोणते यंत्र कुठे बिघडले, हे आपल्या मासिकात छापायला सुरुवात केली. कच्चे यंत्र विकणाऱ्याला लपायला जागा उरली नाही, आणि चांगल्या यंत्राची कीर्ती जाहिरातीशिवाय पसरली. आज त्या देशातली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. समुद्राचा वारा त्यांना लाभला हे खरे, पण उघडे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने मिळवले.

आपल्याकडे आकडे बंद राहतात तेव्हा ती जागा अफवा भरून काढतात. दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडे ‘पवनचक्क्यांमुळे पाऊस हटला’ ही चर्चा जोर धरते. ती हसण्यावारी नेणे मला अन्यायाचे वाटते, कारण पेरणी वाया गेलेला माणूस कारण शोधणारच. पण उत्तर द्यायला हवे. पवनचक्की जमिनीलगतच्या शे-दोनशे मीटरमधल्या वाऱ्याची थोडी शक्ती घेते, आणि काही किलोमीटरवर वारा पुन्हा सावरतो. पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात आणि त्यांची वाफ शेकडो किलोमीटरवरून येते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, हा फरक सह्याद्रीने घडवला आहे. माणदेशाने पवनचक्की पाहण्याच्या कितीतरी आधी १८७६ चा आणि १९७२ चा दुष्काळ भोगला आहे.

मात्र पवनचक्कीचा परिसरावर परिणामच होत नाही, असेही कोणी म्हणू नये. २०१८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यांचा धाक कमी झाल्याने गळ्याशी रंगीत पंखा असणारे सरडे वाढले. त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कमी होती, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. पण गर्दीमुळे ते बारीक होते आणि त्यांचे रंगही फिके होते. कोणत्याही बाजूच्या भाषणात न बसणारे हे निष्कर्ष आहेत, आणि आपल्या पठाराविषयीची सर्वांत भरवशाची माहिती अशाच कामातून मिळते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनेही २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवन प्रकल्पाची दखल घेतली आहे. तो अहवाल समर्थकांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही मुळातून वाचावा.

मग माहिती शोधायची कुठे? जागेच्या वाऱ्यासाठी राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे, आणि डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठाने जागतिक बँकेच्या मदतीने केलेला ‘ग्लोबल विंड ॲटलास’. तो कोणालाही मोफत पाहता येतो. आपल्या डोंगरावर बोट ठेवा, उंची निवडा, सरासरी वेग समोर येतो. तो संगणकी प्रतिमानाचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. कुठे शोधायचे हे तो सांगतो. पैसे गुंतवायचे की नाही, हे त्यावरून ठरवू नये. प्रत्यक्ष विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल आहेत, आणि राज्यात या घडीला वाऱ्यापासून किती वीज येते आहे ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर दिसते. दर, करार आणि नियम यांसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आदेश वाचावेत. ते लांबलचक असतात, पण कंपनी, महावितरण आणि ग्राहक या सगळ्यांचे म्हणणे एकाच कागदावर असते, आणि हे दुसरीकडे क्वचित मिळते. राज्याच्या योजनांसाठी पुण्याची ‘महाऊर्जा’ आहे.

विषय मुळापासून शिकायचा असेल, तर आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमातली व्याख्याने मोफत आहेत. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांचे २००८ चे ऊर्जेवरचे पुस्तकही मोफत वाचता येते. मोठमोठ्या दाव्यांचा हिशेब साध्या गुणाकाराने कसा तपासावा, हे शिकवणारे त्यासारखे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. परिभाषेसाठी, वाईला ज्याचे काम उभे राहिले तो मराठी विश्वकोश आणि मराठी विज्ञान परिषदेची प्रकाशने जवळ असावीत. कंपन्यांची पत्रकेही वाचावीत, कारण यंत्राची तांत्रिक माहिती तिथेच नेमकी असते. पण जागेचा वारा आणि अपेक्षित नफा यांबाबतचे त्यांचे शब्द दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय धरून चालू नयेत.

जमीनधारकाची गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवन प्रकल्प नाहीत. त्यामुळे इतर मोठ्या प्रकल्पांसाठी होते तशी जनसुनावणी इथे बंधनकारक नसते, आणि माहिती मिळवण्याचा भार गावावरच येतो. सातबारा आणि फेरफार स्वतः काढून पाहावेत. भाडेपट्टा किती वर्षांचा, दरवर्षी वाढ किती, रस्ता आणि वीजवाहिनी कोणाच्या बांधावरून जाणार, आणि वीस-पंचवीस वर्षांनी यंत्र थकल्यावर ते उतरवून काँक्रीटचा पाया कोण काढणार, हे करारात लिहून घ्यावे आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. वनजमीन असेल तर वन संवर्धन कायद्याची मंजुरी पाहावी. सरकारी कागद मिळत नसेल, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

पुढच्या प्रकरणांत वारा, यंत्र, वीजजाळे, अर्थकारण, परिसर आणि कायदा असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक आकड्याला वाचकाने चार प्रश्न विचारावेत : कुठे मोजला, किती उंचीवर, किती काळ, आणि कोणी? माझ्या आकड्यांनाही हेच प्रश्न विचारावेत. आणि ज्यांच्या शिवारात पवनचक्क्या आहेत, त्यांच्याकडे एक जास्तीची मागणी आहे. ग्रामसभेत ठराव करा, की गावच्या हद्दीतल्या पवनचक्क्यांनी गेल्या महिन्यात किती युनिट दिले, ते कंपनीने दरमहा कळवावे आणि ग्रामपंचायतीने ते फलकावर लिहावे. गावातल्या शाळेने त्या आकड्यांचा आलेख काढावा. बारा महिन्यांत त्या गावातल्या मुलांना आपल्या वाऱ्याविषयी जे कळेल, ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसेल, आणि पुढचा करार समोर येईल तेव्हा गावाकडे स्वतःचा आकडा असेल.